रेकॉर्ड कुणी काढायची?

1988 साली जर्मनीतून ‘उस्फ्रेट’ नावाची एक रेकॉर्ड निघाली. तालवादक त्रिलोक गुर्टू यांची स्वतःच्या नावावरची ती पहिली. ट्रम्पेटवर डॉन चेरी, व्हायोलिनवर एल. शंकर, शिवाय राल्फ टाउनर. जॅझ ऐकणारा ही नावं वाचूनच सावरून बसेल. पण रेकॉर्ड सुरू झाली की या सगळ्यांच्या मधून एका बाईचा आवाज येतो. भरदार, ठुमरीत मुरलेला, कुणालाही वाट न विचारणारा. तो शोभा गुर्टूंचा आहे. जन्म बेळगावचा, आई मेनकाबाई शिरोडकर, आणि ज्या मुलाच्या रेकॉर्डसाठी गायल्या तो मुंबईत वाढलेला.

माय-लेकांना असं एकत्र आणलं ते मुंबईतल्या एखाद्या बड्या कंपनीने नव्हे, सीएमपी नावाच्या छोट्या जर्मन लेबलने. त्या लेबलचा स्टुडिओ बर्लिनमध्ये नव्हता, म्युनिकमध्येही नव्हता. तो होता झेरकाल नावाच्या खेड्यात.

खेड्यात! छत्रपती संभाजीनगरात बसून हे वाचताना त्या एका शब्दापाशी थांबायला हवं. कारण या शहरात गाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: आपल्याकडे काय आहे, सगळं पुण्या-मुंबईला. ते सोयीचं आहे. ते म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही.

लेबल म्हणजे मुळात तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. त्यावर गाण्याचं नाव, गायकाचं नाव, क्रमांक. पुढे तो कागद छापणाऱ्यालाच लेबल म्हणायची पद्धत पडली. बडी कंपनी आधी बाजार बघते आणि मग गायक शोधते. छोटं लेबल बहुतेक वेळा एका माणसाच्या हट्टातून निघतं: हे मला आवडलं, हे लोकांनी ऐकलंच पाहिजे, पैसे गेले तर गेले. जॅझचा अर्धाअधिक इतिहास अशा हट्टी माणसांनी घडवला आहे.

त्यातला सगळ्यात गाजलेला हट्ट आल्फ्रेड लायन यांचा. बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेला हा ज्यू माणूस. 6 जानेवारी 1939 रोजी त्याने एक स्टुडिओ भाड्याने घेतला, अल्बर्ट अॅमन्स आणि मीड लक्स लुईस या दोन पियानोवादकांना बोलावलं आणि त्यांना मनसोक्त वाजवू दिलं. त्यातून ‘ब्लू नोट’ उभी राहिली. पहिल्या फेरीत शंभरही प्रती छापल्या नव्हत्या. पुढे लायनचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. तो स्टुडिओत हिंडून फोटो काढायचा. आज जगभरच्या भिंतींवर दिसणारे घामेजलेल्या, डोळे मिटलेल्या वादकांचे ते काळे-पांढरे चेहरे त्याने टिपलेले. रेकॉर्डिंग करायचे रूडी व्हॅन गेल्डर. पेशाने चष्म्याचा नंबर काढणारे आणि स्टुडिओ कुठे, तर न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी, आई-वडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात. जॅझमधल्या कित्येक थोर रेकॉर्ड त्या दिवाणखान्यात झाल्या आहेत.

ब्लू नोटने आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा कमी होते. रेकॉर्डिंगच्या आधीच्या तालमींचे पैसे ती वादकांना द्यायची. इतर लेबलं ते टाळत. तालमीला पैसे मिळाले की वादक नवं काही बसवायला धजतो. नाहीतर स्टुडिओत येऊन नेहमीचं वाजवून मोकळा होतो. ब्लू नोटच्या आवाजाचं रहस्य शोधायला लोक माइकच्या जागा मोजतात. त्यांनी तालमीच्या पावत्या आधी बघाव्यात.

या लेबलची दमछाक कधी झाली, तेही ऐकण्यासारखं आहे. तोट्याने नव्हे, खपाने. ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ 1964 मध्ये धो-धो चालली. दुकानदार आणखी मागू लागले. पण प्रती छापायचे पैसे रोख आणि आधी मोजावे लागत, विक्रीचे पैसे वितरकाकडून महिन्यांनी येत. वर सगळ्यांना पुढची रेकॉर्डही तशीच हवी. थोड्याच काळात लायनने लेबल विकून टाकलं. शेतमाल उधारीवर देणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

आता मुंबईकडे बघू. जॅझ या शहराला परका कधीच नव्हता. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊन वाजवत होते, आणि त्यांच्याकडे कान लावून बसलेली गोव्याची पोरं पुढे स्वतःचे बँड काढत होती. त्यांतलेच एक हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. नरेश फर्नांडिस यांनी 2012 च्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा सगळा पट मांडला आहे. चिक चॉकलेटच्या थोड्या रेकॉर्ड निघाल्या, पण महाराष्ट्राच्या कानावर हे वादन आलं ते सिनेमातून. 1951 च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादा नाचतात, मागे चिक चॉकलेटचा बँड वाजतो, आणि संगीतकार कोण? सी. रामचंद्र, म्हणजे गोदाकाठच्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. पैठणहून नदीच्या वरच्या अंगाला जात राहिलं की येणारं ते गाव.

गंमत आणि वाईट गोष्ट एकच आहे. त्या काळच्या गोवेकर वादकांनी हजारो सिनेगीतांत वाजवलं, त्यांची स्वरलिपी लिहिली, वाद्यमेळ रचला. पण रेकॉर्डवरच्या गोल कागदावर त्यांचं नाव सहसा आलं नाही. त्यांचं स्वतःचं संगीत, रात्री काम संपल्यावर एकमेकांसाठी वाजवलेलं, ते तर फारसं छापलंच गेलं नाही. मुंबईत जॅझ वाजवणारे होते, ऐकणारे होते, नाचणारे होते. आल्फ्रेड लायन नव्हता.

गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांचं उदाहरण घ्या. गोवेकर घराण्यातले, मुंबईत 1936 साली जन्मलेले. 1960 च्या दशकात ते इंग्लंडला गेले, आणि तिथे डेनिस प्रेस्टन या स्वतंत्र निर्मात्याने त्यांना ओळखलं. 1969 मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरची त्यांची ‘हम दोनो’ आली, त्याच वर्षी ‘इंटिग्रेशन’. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक रेकॉर्डिंग केलं: ‘कोकण डान्स’. ते कपाटात पडून राहिलं. अमान्सियो 1996 मध्ये गेले. ‘कोकण डान्स’ बाहेर आली 2006 मध्ये. कोकणाचं नाव असलेलं संगीत लंडनमध्ये तयार झालं, तीस वर्षांहून जास्त काळ अडगळीत राहिलं आणि परक्या मुलखातल्या हौशी लोकांनी ते धूळ झटकून बाहेर काढलं. आपल्याला खबरही नव्हती.

म्हणजे महाराष्ट्रात कुणी प्रयत्न केलेच नाहीत का? केले. 1935 ते 1955 अशी वीस वर्षं मुंबईत ‘यंग इंडिया’ नावाच्या रेकॉर्ड निघत होत्या, वडाळ्याला त्यांचा कारखाना होता. एचएमव्हीच्या कुत्र्याचं राज्य असताना देशी भांडवलावर हा उद्योग चालला, आणि बड्या कंपनीने दारात उभं केलं नसतं अशा नवख्या, हौशी गायकांनाही त्याने तबकडीवर आणलं. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने या उद्योगाचा इतिहास नोंदवून ठेवला म्हणून आज तो ठाऊक तरी आहे.

मग कॅसेट आली आणि मक्तेदारीचा बांध फुटला. रेकॉर्ड छापायला कारखाना लागायचा, कॅसेटला कॉपी करणारं एक यंत्र पुरेसं. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या सुरेश अलूरकरांनी या संधीचं सोनं केलं. मल्लिकार्जुन मन्सूर, तरुण उल्हास कशाळकर, आणि घराघरांत वाजलेली पु. ल. देशपांड्यांची कथाकथनं: ‘अलूरकर म्युझिक हाउस’ची यादी वाचली की एका माणसाच्या आवडीचा नकाशा समोर येतो. एक दुकान, एक जाणकार कान आणि गिऱ्हाइकाशी तासभर बोलायची तयारी. मराठीत छोटं लेबल म्हणून दाखवावं असं याहून चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल. पुलंच्या त्या कॅसेट निघाल्या नसत्या तर आजच्या तिशीतल्या मुलांना त्यांचा आवाज पाठ असता का?

कॅसेटची दुसरी बाजूही होती. भीमगीतं, लोकगीतं, देवाची गाणी गाणाऱ्यांना एकदाच ठोक रक्कम देऊन कागदावर सही घ्यायची, आणि मग गाणं कितीही चालो, गायकाचा त्याच्याशी संबंध संपला, अशी तेव्हाची सर्रास रीत. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, संभाजीनगरात विद्यापीठाच्या कमानीसमोर पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंदेंचा आवाज कर्ण्यांतून अंगावर येतो. या गाण्यांनी एक चळवळ तोलून धरली. त्यांनी किती घरं चालवली, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आता मराठवाड्याकडे. 2021 च्या मार्चअखेर पंडित नाथराव नेरळकर गेले. नांदेडचे, गुरुवर्य अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य, संभाजीनगरात पिढ्या घडवलेले, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेले. महिन्याच्या आत, एप्रिलमध्ये, करोनाने निरंजन भाकरेंना नेलं. सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे भारुडकार. ‘बुरगुंडा’ म्हटलं की महाराष्ट्राला त्यांचाच चेहरा आठवायचा. एक रागदारीतला, एक भारुडातला. दोघांच्या निधनानंतर लोकांनी काय केलं? मोबाइलमधल्या क्लिपा एकमेकांना पाठवल्या. कुठे वाहिनीवरचा तुकडा, कुठे शेजारच्याच्या टाळ्यांखाली दबलेला आलाप, कुठे कार्यक्रम कधीचा आणि साथीला कोण याचा पत्ता नाही. दोघांचंही गाणं नीट निवडून, नीट ध्वनिमुद्रित करून, वर चार पानं माहिती लिहून एका जागी ठेवणारं घर त्यांच्या स्वतःच्या शहरात असायला हवं होतं.

इथे एक आक्षेप लगेच येतो: यूट्यूबवर सगळं आहे की! आहे, आणि ते कृतज्ञतेने मान्य करायला हवं. पण यूट्यूब म्हणजे आठवडी बाजार. तिथे माल येतो तसा जातो, चॅनेल बंद पडलं की गाणं गेलं, आणि कुठला आलाप आधी ऐकावा हे सांगायला कुणी बसलेलं नसतं. शिवाय पैशाचं गणित. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला: वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी नाही. नियम त्यांच्या धंद्याला सोयीचा असेल. पण पैठणच्या एखाद्या भारुडकाराचं विलंबित, अवघड, बोलीतलं गाणं वर्षाला नऊशे लोकांनी एकेकदा मन लावून ऐकलं तरी त्याची किंमत शून्य ठरते. नऊशे श्रोते! संभाजीनगरात एखाद्या बैठकीला एवढी माणसं आली तर आयोजक पेढे वाटतील.

छोटं लेबल या नऊशेंचा धंदा करतं, हजारो-लाखोंचा नाही. म्युनिकच्या ईसीएमने 1969 पासून हेच केलं. हे लेबल चालवणाऱ्या मानफ्रेड आयशरने ज्या शांत, थंड, धीम्या रेकॉर्ड काढल्या, त्यांतल्या बहुतेक कधीच फार खपल्या नसाव्यात. मात्र 1975 साली कीथ जॅरेटची ‘द कोल्न कॉन्सर्ट’ चालली आणि लाखोंनी खपत राहिली. पण ती लोकप्रिय झाली म्हणून आयशर तेवढ्यावर थांबला नाही. एल. शंकर, झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू यांच्यासारख्यांना त्याने दार उघडं ठेवलं. 1987 ची झाकीर हुसेन यांची ‘मेकिंग म्युझिक’, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, तीही ईसीएमचीच. ब्लू नोटला खपाने धाप लागली, ईसीएमला खपाने श्वास दिला. फरक बहुधा वेगाचा असावा.

भारतातही अशी उदाहरणं आहेत. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी 2003 मध्ये ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ काढली, ती कलाकारांनी स्वतः काढलेलं संगीत लोकांपर्यंत नेण्यासाठी. दिल्लीचं ‘आझादी रेकॉर्ड्स’ 2017 चं. त्याच्यामार्फत 2020 मध्ये मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम आला, आणि त्यात आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये गातात. आरेच्या आदिवासीचा आवाज मुंबईतून निघून दिल्लीमार्गे सगळीकडे पोचतो. मग सिल्लोडच्या आवाजाने कुठल्या मार्गाने जायचं? परभणीच्या गोंधळ्याने? खुलताबादच्या उरुसात रात्रभर बसणाऱ्या कव्वालांनी?

उत्तर साधं आहे: संभाजीनगरातून.

यासाठी काय लागेल? इमारत लागत नाही. औरंगपुऱ्यातलं किंवा गुलमंडीच्या मागचं एखादं जाड भिंतींचं जुनं घर व्हॅन गेल्डरांच्या दिवाणखान्याहून वाईट नाही. फक्त मे महिन्यात रेकॉर्डिंग ठेवलं तर पंखा बंद करावा लागेल, आणि तबलजी काय म्हणेल याची कल्पना येते. दोन उत्तम माइक, आवाज जाणणारा एक माणूस, आणि ‘हे नको’ म्हणू शकणारा एक निवडकर्ता. शेवटचा सगळ्यात दुर्मीळ. आपल्याकडे कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा नेमण्यात जेवढी बुद्धी खर्च होते, तिच्या चौथ्या हिश्श्यात एक रेकॉर्ड निघेल.

पैशाचा प्रश्न खरा आहे. पण वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहती ज्या शहराच्या भोवती आहेत, तिथे तो न सुटण्यासारखा नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत, म्हणजे सातव्या परिशिष्टात, कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचं जतन स्पष्ट शब्दांत आहे. त्यासाठी लेबल ना-नफा तत्त्वावर, न्यास म्हणून नोंदवायला हवं, हिशोब चोख ठेवायला हवेत. शाळांना बाकं आणि गावांना झाडं मिळतात, ते मिळायलाच हवं. एखाद्या कारखान्याने वर्षाला दोन रेकॉर्डही द्याव्यात. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या बाबतीतही तेच. बाहेरून आलेले थोर कलावंत ऐकायला मिळतात, ते सुख आहे. पण दिव्यांच्या आणि मंचाच्या खर्चातला अगदी छोटा वाटा इथल्याच एका कलावंताच्या ध्वनिमुद्रणासाठी बाजूला काढला, तर दुसऱ्या दिवशी मंडप उतरल्यावरही हातात काहीतरी उरेल.

कायद्याचं एक कलम या लेबलने पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गायक-वादकांना त्यांच्या ध्वनिमुद्रित सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आहे, आणि ध्वनिमुद्रणाचा मालकी हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. साठ वर्षं म्हणजे गायकाचा नातू म्हातारा व्हायला लागेल इतका काळ. ठोक रकमेची जुनी रीत इथे नको. करार मराठीत असावा, दोन पानांचा, आणि गायकाला तो वाचून दाखवल्यावरच सही घ्यावी. वर्षाला दोनशे रुपये रॉयल्टी झाली तरी ते दोनशे त्याच्या खात्यात जमा व्हावेत. त्यावर कुणी हसेल, हसू दे.

मग जॅझ कुठे आहे यात? तो असेलही. संभाजीनगरात गिटार आणि ड्रम वाजवणारी पोरं आहेत, महागामी गुरुकुलात ध्रुपद शिकणारी आहेत, भारुडाच्या मृदंगावर वाढलेली आहेत. ही मंडळी एका खोलीत बसून काय वाजवतील हे आज कुणी सांगू शकणार नाही; त्रिलोक गुर्टूंनी आईला बोलावलं तेव्हा झेरकालच्या लेबललाही ते आधी सांगता आलं नसेल. पण आधी खोली हवी. त्यांना तालमीचे पैसे मिळाले पाहिजेत, हेही ब्लू नोटकडून उचलावं.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात नाथषष्ठी असते. गोदावरीच्या वाळवंटात दिंड्या उतरतात, रात्री भारुडं रंगतात, नाथांचीच रचना एका फडात एका चालीत आणि शंभर पावलांवर दुसऱ्या चालीत ऐकू येते. संभाजीनगरहून तिथे पोचायला दीड तास लागतो. सुरुवात तिथून करता येईल. एक रेकॉर्डर, दोन माइक, वाऱ्याचा घरघराट अडवायला माइकवर चढवायची फरची टोपी, आणि गाणाऱ्याचं नाव, गाव, साथीदार, चाल कुणाकडून शिकला हे विचारून लिहायला एक वही. टोपी विसरली तर रात्रभर फक्त वारा ऐकू येईल.